वर्षातून एकदा

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात. धनगराच्या पोराला मेंढरू शिकवावं लागत नाही, हेही तितकंच खरं. पण शहाणी माणसं एकदा शिकवायला बसली की कोणालाही काहीही शिकवतात, आणि धुळाप्पाला तर ती मास्तर करायला बसली होती.

धुळाप्पा सांगोल्याकडचा. सात पिढ्या मेंढरांमागं चाललेल्या घरातला हा पहिलाच गडी सातवीची फायनल पास झाला आणि एकोणीसशे अठ्ठावीस साली सोलापुरात ट्रेनिंगला आला. सकाळी ट्रेनिंगच्या शाळेत मुलांना कसं शिकवावं यावर व्याख्यानं ऐकायची आणि अकरा वाजता सात रस्त्याजवळच्या सरावशाळेत दुसरीच्या वर्गापुढं उभं राहून ते करून दाखवायचं, असा वर्षभराचा रतीब होता. वर्षात परीक्षकासमोर दोन पाठ द्यायचे. पहिल्या पाठात धुळाप्पाच्या तोंडून तीनदा 'न्हाय' निसटलं. परीक्षकानं शेरा मारला, 'उच्चार ग्राम्य. नापास.' पोरांना सगळं समजलं होतं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारायचा रकानाच कागदावर नव्हता.

आता दुसरा पाठ राहिला होता. तो गेला की सर्टिफिकेट गेलं. गावात नवी शाळा निघायची होती, तिथली मास्तराची जागाही गेली. निघताना त्याचा बाप बिरप्पा म्हणाला होता, "धुळा, आपलंच पोरगं मास्तर हून आलं, तर धनगराची पोरं साळंत बसत्याल. परका मास्तर त्यांला दारात बी उभं करायचा न्हाय." हे वाक्य धुळाप्पानं घोंगड्यासारखं खांद्यावर टाकून आणलं होतं.

वर्गात चव्वेचाळीस पोरं. निम्मी तेलुगू विणकरांची, काही दखनी बोलणारी, काही कानडी. घरात मराठी बोलणारी जेमतेम दहाबारा. ती पुढच्या दोन ओळींत. वर्गाचे मूळ मास्तर वेणीमाधवपंत यांनी पहिल्याच दिवशी धुळाप्पाला समजावलं होतं, "या दोन ओळी म्हणजे वर्ग. मागचं सगळं सामान." आणि सामान परीक्षकाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पंतांनी एक युक्ती रुळवली होती. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मास्तरानं उजव्यालाच उठवायचं. साहेबाला हातांचं रान दिसतं, साहेब खूश. पाढे यायच्या आधी पोरांना हे यायचं. पंतांचा वर्ग बारा वर्षांत तपासणीत एकदाही पडला नव्हता, यात नवल ते काय?

निंगव्वा शेवटच्या ओळीत, भिंतीला पाठ लावून बसायची. तिचा बाप रुद्रप्पा अक्कलकोटकडचा कानडी धनगर. गावाकडची मेंढरं भावावर सोपवून तो सोलापुरात घोंगडी विणायला बसला होता. पाच महिने पोरीनं डावा हात सोडून काही वर केलं नव्हतं. पंत तिला 'मुकी' म्हणत. धुळाप्पाला बाजारहाटापुरती कानडी यायची. एका मधल्या सुटीत त्यानं सहज विचारलं, "घरात कुरी आहेत का गं?" कुरी म्हणजे मेंढरं. मुकी सुटली की मग! गावाकडं किती मेंढरं आहेत, कोणती लंगडी आहे, कातरायच्या वेळी बाप हिला गावी नेतो आणि पाय धरायला बसवतो, पहिल्या कातरणीची कोकराची लोकर किती मऊ असते, सगळं तिनं एका दमात सांगितलं. त्या दिवसापासून सुटीत रोज दोघांची कानडी-मराठी चालायची. तो दोन शब्द मराठी द्यायचा, ती दोन शब्द कानडी. वर्गात मात्र तिचा डावा हात तसाच.

फाल्गुनात पाठाचा विषय लागला, 'मेंढी'. धुळाप्पाला इतकं हसू आलं की खानावळीत त्याला ठसका लागला. देव पावला म्हणायचं! त्यानं पाठाचं टाचण लिहिलं आणि पंतांपुढं ठेवलं. पंतांनी लाल शाईनं एकच शब्द खोडला. 'मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात' यातलं 'दोनदा' काढून वर 'एकदा' लिहिलं.

"पंत, आमच्याकडं दोनदा कातरतात. पावसाच्या तोंडाला एकदा आणि दिवाळीला एकदा."

"पुस्तकात काय आहे?"

"एकदा. पण ते पुस्तक कुठल्या तरी थंड मुलखाचं बघून..."

"धुळाप्पा," पंत प्रेमानंच म्हणाले, आणि ते खरोखरच वाईट माणूस नव्हते, म्हणून तर जास्त राग येतो, "साहेबाच्या हातात पुस्तक असतं. साहेब मेंढीला विचारायला जात नाही. एकदा आपटलात. आता सर्टिफिकेट घ्या, मग गावी जाऊन दहादा कातरा."

धुळाप्पानं टाचण नव्यानं लिहून काढलं. 'एकदा' लिहिताना बोरू अडखळला नाही, हे त्याला पुढं बरीच वर्षं आठवत राहिलं.

पाठाच्या दिवशी परीक्षक कोपऱ्यात खुर्चीवर बसले, मांडीवर पुस्तक. फळ्यावर मेंढीचं चित्र टांगलेलं, गुबगुबीत, पांढरीफेक, असली मेंढी सोलापूर जिल्ह्यात कोणी जन्मात पाहिली नसेल. पाठ मात्र छान चालला. 'नाही' नीट उच्चारलं, आवाज कापला नाही. पंत दाराशी उभं राहून मान डोलावत होते. मग तो प्रश्न आला.

"मेंढीची लोकर वर्षातून किती वेळा कातरतात?"

चव्वेचाळीस हात वर गेले. पहिल्या ओळीतल्या एकनाथचा उजवा हात जवळजवळ मास्तराच्या नाकात शिरत होता. त्याच्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं, त्यालाच उठवायचं ठरलेलं. धुळाप्पाची नजर मागं गेली आणि तिथंच थांबली. भिंतीपाशी निंगव्वाचा हात वर होता. उजवा.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आता मास्तर म्हणून जन्माला आलेल्या माणसानं काय करावं? त्यानं पुढचं-मागचं काही पाहिलं नाही. "निंगव्वा, तू सांग."

ती उभी राहिली. शुद्ध मराठीत, त्यानं शिकवलेल्या एकेका शब्दावर पाय देत म्हणाली, "दोनदा, गुर्जी. एकदा पावसाच्या आधी. एकदा दिवाळीला. मी पाय धरते."

परीक्षकांनी पुस्तकातून मान वर केली. पुन्हा पुस्तकात पाहिलं. पेन्सिल हातात घेतली. पंतांची मान डोलायची थांबली होती. पोरीच्या तोंडावर असं काही उजाडलं होतं की धुळाप्पाला तिच्याकडं पाहवेना.

"चूक," तो म्हणाला. "खाली बैस. एकनाथ?"

"वर्षातून एकदा!"

"शाबास."

मग त्यानं ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं. साहेबांनी शेरा लिहिला, 'चुकीचे उत्तर तत्काळ सुधारले. वर्गावर ताबा उत्तम. उत्तीर्ण.' पंतांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं फळा पुसला आणि मागच्या ओळीपाशी जाऊन निंगव्वाला कानडीत विचारलं, मेंढरं किती वेळा कातरतात? तिनं नुसता डावा हात वर केला.

शाळा सुटल्यावर तो तडक रुद्रप्पाच्या घरी गेला. काय बोलायचं ते वाटेत दोन वेळा घोकलं होतं. रुद्रप्पा मागावर बसला होता, खुंटीला कातर टांगलेली. मास्तर दारात पाहून तो धडपडत उठला. मास्तराशी मराठीतच बोलावं म्हणून शब्द शोधत म्हणाला, "या, या. पोरीनं सांगितलं मला. लई चुकली की ती, साहेबापुढं."

"रुद्रप्पा, ती चुकली न्हाय. ती खरं बोलली. खोटं मीच..."

"कशाला तिची बाजू घेता, गुर्जी? तुमी शिकल्याली मानसं." रुद्रप्पानं खुंटीवरच्या कातरीकडं पाहिलं आणि ओशाळून हसला. "आमी अडानी. बापजाद्यापासून दोनदाच कातरत आलो. चूकच झाली म्हनायची. माफी करा."

आणि त्यानं वाकून धुळाप्पाच्या पायांना हात लावला.