मोठीमायची मुंबई

आमच्या मळ्यातलं बुजगावणं अख्ख्या सुलतानपुरात सगळ्यात चांगलं लुगडं नेसायचं. लोणारकडे जाणाऱ्या एसटीतली माणसं त्याला बाईमाणूस समजून हात करायची. हा थाट मोठीमायमुळे. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, घरातली मोठी सून. तिला नवं लुगडं हवं असलं की ती ते मागत नसे. आबा, म्हणजे तिचे सासरे, ओसरीवर असले की दाराआडून आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायची, "बुजगावणं उघडं पडलं हाय. पाखरं टमाट्यावर बसून राह्यले." मग तिच्या अंगावरचं लुगडं बुजगावण्याला जायचं आणि तिला बाजारातून नवं यायचं. आबा पाखरांपायी खर्च करायचे. सुनेपायी केला असता का, हे तिनं कधी अजमावून पाहिलं नाही.

"मांगतलं का नाही म्हनाले जागा भेटते," ती मला सांगायची. "मांगू नाही. गरज दाखवा."

तिला मुंबईचा ध्यास लावला तो तिच्या धाकट्या भावानं. हे मामा मुंबईत गिरणीत होते. एका लग्नाला आले तेव्हा त्यांनी राणीच्या बागेतले वाघ सांगितले, काचेमागचे मासे सांगितले, डोंगरावरची बाग आणि समुद्र सांगितला. मोठीमाय भाकरी थापत नुसती हं हं करत होती. पण मामांनी दोन मजली बस सांगितली आणि तिचा हात थांबला.

"वरच्या मजल्यावर बायाबी बसतेत?"

"बसतेत न. समोरच्या बाकावर बसलं का सारी मुंबई पायाखाली."

"आन हालत नाही?"

"हालते थोडीशी. झोका असते तशी."

त्या दिवशीची भाकरी करपली. मोठीमायची भाकरी करपलेली मी तेवढीच एकदा खाल्ली.

अडचण अशी की मामांची नोकरी सुटत होती. पावसाळ्याआधी खोली सोडून ते गावी परत येणार होते आणि मुंबईत आमचं दुसरं कोणी नव्हतं. या उन्हाळ्यात नाही, तर मग कधीच नाही. मोठ्या बाबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आबांकडे हळूच विषय काढून पाहिला. आबा म्हणाले, "काय पाह्याचं हाय तिथं? खारं पाणीच न? मंग लोणार काय वाईट हाय?" लोणारचं खारं तळं आमच्या इतकं जवळ होतं की या मुद्द्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मोठीमायनं काढलं. आबा सहलीला नाही म्हणू शकत होते, यात्रेला नाही.

मला आज लोक विचारतात, पाहुण्यांचा, लग्नाचा, प्रवासाचा एवढा बेत तुम्ही कसा आखता? मी ते शिकले बीबी गावच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, भाजीच्या टोपल्यांपाशी. मोठीमायला लिहिता येत नव्हतं. तिनं पोत्यावर मुंबई मांडली. मेथीच्या जुड्या पसरल्या, तो समुद्र. त्याच्या काठाला कोहळं, ते महालक्ष्मीचं देऊळ. म्हणजे समुद्र यात्रेत बसला. डोंगरावरच्या बागेच्या पायथ्याशी वांगं, ते बाबुलनाथ. मुंबादेवीच्या वांग्याभोवती मिरच्या ओतल्या, तो बाजार. मासे म्हणून घेतलेल्या भेंड्या कुठे बसेनात.

"माशायले कोनता देव लावू वं?"

मी शाळेत जात असल्यामुळे माझ्यावर अशी कामं पडायची. मी म्हटलं, "मत्स्यावतार."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली आणि काचेमागच्या भेंड्या पक्क्या झाल्या. शेवटी तिनं एका दुधी भोपळ्यावर दुसरा ठेवला. त्याला कुठलाच देव मिळाला नाही. "याचं मंग पाहू," म्हणाली. रात्री जेवणात भेंडी आणि वांगी होती. बाजारात न जाणारी बारकी मुंबई आम्ही खाऊन टाकली.

आबांनी यात्रेला लगेच होकार दिला. इतका लगेच, की मोठीमायला शंका यायला हवी होती. पाट्या वाचायला मला न्यायचं ठरलं. मोठे बाबा मोटेवर राहणार होते. मग गावात बातमी फिरली आणि यात्रेचे रिवाज सुरू झाले. ही आली, नारळ देऊन गेली, "माह्या पोरीच्या नवसाचा." ती आली, ओटी देऊन गेली. नारळांचं अर्धं पोतं झालं. मी म्हटलं, एवढं ओझं कशाला, तिथं गेल्यावर एकच वाहू. मोठीमाय डोळे वटारून म्हणाली, "आबाले फसवते मी. देवाले नाही."

आणि निघायच्या चार दिवस आधी आबा ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, माह्यंबी धोतर भिजू घाल. मीबी येतो. या वयात असं पुन्य सोडावं काय?"

दाराआडून होकाराचं "हाव" आलं. एवढं बारीक हाव मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. यात्रेला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तिनं टाकलेल्या जाळ्यात तीच अडकली होती, दोन भोपळ्यांसकट.

मलकापूरहून रेल्वेनं आम्ही मुंबईला उतरलो. पोतं पाहून मामा हसायला लागले, "ताई, मुंबईत नारळ कमी पडले का?"

"तुह्या मुंबईचे नारळ आमच्या गावच्या नवसाले चालतेत काय? उचल."

पहिले दिवस नुसते देवळांचे गेले. प्रत्येक नारळ ज्याच्या नावाचा त्याच्या नावानं तिनं वाहिला; नावं तिला तोंडपाठ होती. महालक्ष्मीच्या देवळापाशी समुद्र दिसला. आबांनी चूळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाले, "लोणारच हाय." मासेही पाहिले. आबा काचेसमोर बराच वेळ उभे राहिले. एका लाल, फुगलेल्या माशाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा कोनता अवतार?"

मोठीमाय पदर सारखा करत म्हणाली, "अजून व्हाचा हाय, आबा."

दोन मजली बस मात्र आमच्या शेजारून नुसती जायची. आबा जिन्याकडे पाहून मान हलवायचे. "लोकायच्या डोक्यावर बसनं चांगलं नाही." झालं. देवाचं नाव लावल्याशिवाय ती बस मिळणार नव्हती आणि बसला देव सापडत नव्हता. मोठीमायचं जेवण कमी झालं. शेवटच्या दिवशी सकाळी ती खोलीच्या खिडकीत उभी होती. पलीकडच्या कौलांवरून एका देवळाचं टोक दिसत होतं. आबांनी तिकडे हात जोडले. आमच्याकडे रीतच आहे. देवळात जाणं झालं नाही तरी लांबून कळस दिसला की दर्शन पोचतं.

मोठीमाय वळली. तिच्या चेहऱ्यावर बुजगावणं उघडं पडल्याचं सांगताना असायचा तो भाव होता.

"आबा, राह्यलेली देवळं लय हायेत, आन गाडी आजची हाय. पर उंचावरून गेलं का साऱ्यायचे कळस दिसतेत."

आबा तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चाला मंग."

बसच्या जिन्यानं वर चढलो. समोरच्या बाकावर आबा बसले. मी पलीकडच्या बाकावर एका परक्या बाईजवळ. मोठीमाय आबांच्या मागे दांडी धरून उभी राहिली, डोक्यावर पदर, मान खाली. सासऱ्यासमोर ती आयुष्यात कधी बसलेली नव्हती. तेवढ्यात कंडक्टर आला.

"ओ बाई, वर उभं राहायचं नाही. बसा, नाहीतर खाली चला."

मोकळी जागा एकच होती, आबांच्या शेजारी. ती जिन्याकडे वळली. खरंच वळली. इथवर येऊन ती खाली उतरायला निघाली होती. आबा पुढेच पाहत होते.

"बस, बाई," ते म्हणाले. "सरकारचा कायदा हाय."

ती बसली. बाकाच्या अगदी कडेला, अर्धी. बसनं वळण घेतलं, समोरचं झाड काचेला फांदी लावून गेलं आणि मोठीमाय हसली, दोन्ही हातांत तोंड धरून. त्यानंतर आबा दिसेल त्या टोकाला हात जोडत गेले. देऊळ, मनोरा, घड्याळ, काही सोडलं नाही. बोरीबंदर स्टेशनाचा घुमट आला.

"हे कोनाचं?"

"लय जागृत हाय, आबा. गर्दी पाहा न किती लोटून राह्यली."

"गर्दी त हाय. पर परत येनाऱ्यायच्या हाती परसाद काऊन नाही?"

"शहरातले लोक. देवाले रिकाम्या हातीच भेटतेत."

आबांनी हात जोडले. मग तसेच हात जोडून, समोर पाहत, अगदी हळू म्हणाले, "त्या बुजगावण्यालेबी आनाचं होतं. त्याच्या जिवावर एवढे लुगडे झाले, त्यालेबी पाहू देलं असतं."

मोठीमायनं पदर कपाळावर ओढला. आबांनी तिकिटांचे पैसे काढून पुन्हा कंडक्टरपुढे धरले. "कुठे उतरायचं?" त्यानं विचारलं. आबा म्हणाले, "कोठीच नाही. परत जाऊ. दोन-चार कळस राह्यले असतीन."

गावी आल्यावर रीतीप्रमाणे मावंदं घातलं, गाव जेवलं. कोणाकोणाचं दर्शन झालं, हे आबा सगळ्यांना गंभीरपणे सांगत होते. आत वाढणाऱ्या मोठीमायच्या हातातली कढी हसू दाबताना सांडत होती. पुढच्याच आठवड्यात आबांनी बुजगावणं बांधावरून काढून राखणीच्या माळ्यावर चढवलं. चार खांबांवरचा उंच माळा. "वरून पाह्यते बिचारं," म्हणाले. लुगडी येतच राहिली, तशीच दाराआडून, तशीच पाखरांच्या नावानं. दोघांनीही शेवटपर्यंत खेळ मोडला नाही.

आबा गेले, पुष्कळ वर्षांनी मोठीमायही गेली. तिचे कपडे वाटायची वेळ आली तेव्हा वाटून देणारी मीच होते. हे हिला, ते तिला. शेवटचं, निळं, तिच्या अंगावर मऊ झालेलं लुगडं मी कोणाला दिलं नाही. ते घेऊन माळ्यावर चढले. चुलतभाऊ खालून पाहत होता. मी बुजगावण्याची काठी वाकवली, गवताचे पाय पुढे घेतले आणि ते रस्त्याकडे तोंड करून बसवलं.

"ताई, बुजगावनं बसवतेत काय कोनी? उभं करतेत त्याले."

मी म्हटलं, "वरच्या मजल्यावर उभं राहायचं नसतं."