सिद्धेश्वरचे कुरव आणि गयाबाईंच्या कोंबड्या

पाचवा मेलेला कुरव मी पिशवीत घालत होते, तेवढ्यात गयाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“डॉक्टरीणबाई, आता माझ्या कोंबड्या मारणार व्हय?”

“आधी तपासणी. मग काय ते.”

कुरव हा समुद्रपक्षी. हिवाळ्यात यातले काही आमच्या सिद्धेश्वर धरणावरही उतरतात. त्या सकाळी काठावर पाच मेले होते, सहावा मान वाकडी करून गोल फिरत होता. बर्ड फ्लू निघाला, तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतात. गयाबाईंचं खुराडं हाकेच्या अंतरावर.

“तुमच्या कोंबड्या मेल्या का इतक्यात?”

“न्हाई. समद्या बराबर हायेत.”

मी यादीत ‘नाही’वर टिक केली. नमुने बर्फात घालून लॅबला पाठवले. पशुसंवर्धन खात्यातल्या साहेबांचा फोन आला.

“मॅडम, बर्ड फ्लूच आहे का?”

“सर, विषाणू मला डोळ्यांनी दिसत नाही.”

“मग रिपोर्ट येईपर्यंत तो शब्द गावात काढू नका.”

“गावानं माझ्या आधीच काढलाय, सर.”

रिपोर्ट आला. बर्ड फ्लू निगेटिव्ह. पण मी इतर आजारांची तपासणीही मागितली होती, कारण एका पक्ष्यात दोन संसर्ग एकदम असू शकतात. तसंच निघालं. राणीखेतचा, म्हणजे मानमोडीचा विषाणू आणि जोडीला जिवाणू. मानमोडी प्रामुख्याने कोंबड्यांना होते. मी परत गेले. या वेळी प्रश्न बदलला.

“गयाबाई, मेलेल्या कोंबड्या कुठं टाकल्या?”

“धरणात. मासे खाऊन टाकत्येत की.”

बोलल्या आणि जीभ चावली.

“आधी काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं, तर राहिलेल्या बी नेल्या असत्या तुमी!”

तरंगतं मांस कुरव सोडत नाहीत. पक्ष्यांनी आजार आणला असं गाव म्हणत होतं. बहुधा आपणच तो त्यांना वाढला होता.

संध्याकाळी खुराडी भरल्यावर आम्ही घरोघरी लस दिली. निरोगी कोंबडीच्या डोळ्यात एकेक थेंब. कोंबड्या गयाबाईंनी धरल्या.

“ती तांबडी संभाळा, बाई. माझ्या सासूवर गेलीय.”

मेलेल्या कोंबड्यांसाठी काठापासून लांब खड्डा खणला, चुना टाकला.

यंदाच्या हिवाळ्यात गयाबाईंचाच फोन आला. “तुमचे पाहुणे आलेत. माझ्या कोंबड्या बी बराबर हायेत.”

तरी जाऊन पाहिलं. कुरव पाण्यावर होते, तांबडी अंगणात. खरंच सगळ्या बराबर होत्या.

माझ्या यादीत आता ‘कोंबड्या मेल्या का?’ हा प्रश्न नाही. ‘मेलेल्या कुठे टाकल्या?’ असा आहे. पहिल्याला सगळेच ‘नाही’ म्हणतात.