चुकीपुढचं नाव

रेडिओचाचांकडे काहीही दुरुस्तीला नेलं की ते आधी हात मागे बांधायचे आणि म्हणायचे, "आधी बिघडून दाखव." तो बिघाड डोळ्यांसमोर होईपर्यंत हा माणूस ढिम्म हलायचा नाही. पिंपळगाव राजा या गावच्या एसटी थांब्याजवळ त्यांचं दुकान होतं. एकदा एक बाई खरखरणारा मिक्सर घेऊन आल्या, तर तो नेमका शहाण्यासारखा चालला. चाचांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला. तासाभराने मिक्सर खरखरला, तेव्हा कुठे त्यांनी पेचकस उचलला. "जे बिमारी दिसलीच नाई, तिले दवा काय देऊ?" हे त्यांचं म्हणणं.

रेडिओ केव्हाच गेले होते, नाव तेवढं राहिलं होतं. खरं काम दुकानाच्या मागच्या खोलीत चालायचं. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर चाचा तीन प्रोग्राम सांभाळत. असेंब्लर आपल्या आज्ञा यंत्राच्या आकड्यांत आणतो, लिंकर सुटे तुकडे जोडतो आणि चुकलं कुठे ते डीबगर पावलापावलाने चालवून दाखवतो. एका जुन्या, स्वस्त चिपसाठीचा हा संच कोणीही फुकट न्यावा, उघडून बघावा, सुधारून परत द्यावा असा होता. मूळ करणाऱ्याने तो सोडून दिला होता. "बेवारस पडेल होता, म्हून उचलला," चाचा सांगायचे. कुठल्या कुठल्या देशांतून लोक तक्रारी लिहीत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनाही तेच उत्तर जाई, आधी बिघडून दाखवा.

मी तेव्हा खामगावच्या तंत्रनिकेतनात ठेक्यावर शिकवायला लागले होते आणि अक्कल जरा जास्तच झाली होती. दर रविवारी चाचांकडे जाऊन बसायची. ते मला मॅडम म्हणत, रागावले की बाई. संचाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते एक यादी देत. तिच्या प्रत्येक ओळीत दोन नावं असत, चूक कोणाची आणि दुरुस्ती कोणाची. "नाव टाकाची लाज वाटत असन, त मंग कामच कायले करता?" असं ते ऐकवायचे. त्या यादीत चुकीपुढे त्यांचं स्वतःचं नाव कितीदा तरी होतं.

एका रविवारी मी लिंकर नीटनेटका करायला घेतला. दोन तुकड्यांच्या मध्ये सोडलेली एक मोकळी जागा मला फालतू वाटली, ती मी काढून टाकली. चाचांनी विचारलं, "काऊन काढली?" मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला.

त्या वर्षी बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती. दोन वेचण्यांतच पऱ्हाटी रिकामी झाली. ज्यांच्या घरात थोडा कापूस आला, त्यांच्या गाड्या कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकावरून परत येऊ लागल्या. तिथलं ओलावा मोजायचं यंत्र कापूस ओला दाखवत होतं. त्यातला प्रोग्राम आमच्याच संचाच्या ताज्या आवृत्तीवर तयार झाला होता. चाचांनी ते दुकानात आणवलं, कोरडा कापूस घातला, डीबगर लावला आणि सकाळभरात चूक शोधली. मी काढलेल्या जागेमुळे एका तुकड्याचा शेवटचा आकडा पुढच्या तुकड्याखाली दडपला गेला होता. "शिंपी शिलाईत माया सोडते, बाई. ते काय फालतू असते?" एवढंच ते बोलले.

मग मला घेऊन ते जिनिंगच्या फाटकावर गेले. "कापूस खोटा नाई, यंत्र खोटं होतं. चूक माही हाये, मले माफ करा," त्यांनी गाडीवाल्यांना सांगितलं. कोणी ओरडलं नाही. पुंडलिकभाऊ नावाचे एक शेतकरी हळूच म्हणाले, "तीन दिवस वाळू घातला न चाचा म्या. कोरड्याच कापसाले ऊन दाखवून राह्यलो." चाचांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले.

परतताना एसटीत मी विचारलं, "माझी चूक तुम्ही का घेतली?"

"तुमची नौकरी ठेक्याची हाये, मॅडम. मले कोण काढते?"

नव्या यादीत त्यांनी चुकीपुढे स्वतःचं नाव घातलं आणि दुरुस्तीपुढे माझं. मी ती यादी तशीच जाऊ दिली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांची मुलगी कॉम्प्युटर घेऊन माझ्याकडे आली. "अब्बा म्हणत, हे मॅडमलेच द्या." संच आता माझ्याकडे आहे. नवी आवृत्ती काढण्याआधी मी पुंडलिकभाऊंकडे गेले. मूठभर कोरडा कापूस मागितला आणि ती चूक माझी होती, हे सांगून टाकलं.

"मले मालूम हाये," ते कापूस काढता काढता म्हणाले. "बोलत होता चाचा, अन् मान खाली होती तुमची."

घरी येऊन मी त्या चुकीच्या जुन्या आवृत्तीवरचा प्रोग्राम जिनिंगमधून मागून आणलेल्या त्याच जुन्या यंत्रात घातला. हात मागे बांधून बसले. पुंडलिकभाऊंचा ठणठणीत कोरडा कापूस यंत्राने ओला दाखवला. बिघाड डोळ्यांनी पाहिला, मगच यादी उघडली. त्या ओळीतलं एकही नाव खोडलं नाही, फक्त दोन्हींच्या जागा बदलल्या.