न ओरडलेल्या मुलीची बाजू

ॲड. कुमुदताई वानखडे यांची आणि माझी पहिली भेट बुलढाण्याच्या कोर्टाबाहेर, चहाच्या टपरीवर झाली. मी सोनाळ्याहून नवा कोरा काळा कोट घालून आलो होतो आणि टपरीवाल्याला कायद्याचं एक कलम समजावून सांगत होतो. ताई शेजारी बशीत चहा ओतून घेत होत्या. माझं व्याख्यान संपल्यावर त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, "समजलं का हो?" तो म्हणाला, "नाई बा." ताई माझ्याकडे वळल्या. "मग तुम्हालाही समजलेलं नाही. उद्यापासून माझ्या टेबलाशी बसत चला." तेव्हा बसलो तो अजून उठलेलो नाही.

ताई साठ वर्षांच्या झाल्या म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे, पण त्यांच्या साठीवर आमच्या वकील मंडळींचा विश्वास बसत नाही. दुसरबीडच्या शेतमजुराची ही लेक सरकारी वकील झाली आणि लैंगिक अत्याचाराचे खटले, ज्यांच्यापासून आम्ही पुरुष वकील चार हात लांब राहायचो, ते त्यांनी मागून घेतले. स्तुती करण्यात त्या महाकंजूस. त्यांच्या तोंडून "ठीक आहे" ऐकायला मला चार वर्षं लागली. पण कोर्टात आलेल्या बाईला पाण्याचा पेला देताना तो त्या स्वतः विसळून घेतात, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

त्यांची एक पद्धत आहे. साक्षीच्या आदल्या दिवशी, कोर्ट उठल्यावर, त्या परवानगी घेऊन त्या बाईला रिकामी खोली दाखवतात. न्यायाधीश कुठे बसतील, आरोपी कुठे, दार कोणतं, पाणी कुठे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आधी स्वतः उभ्या राहतात, मग तिला उभं करतात. तिने काय सांगायचं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. आणि प्रत्यक्ष साक्षीच्या वेळी आरोपीची नजर आणि ती बाई यांच्या बरोबर मध्ये ताई उभ्या असतात. इतक्या वर्षांत ती जागा हातभरही हललेली मी पाहिली नाही.

आता ज्या खटल्यामुळे मी त्यांच्यापुढे कायमचा नमलो, तो सांगतो. त्या मुलीचं नाव-गाव लिहिणार नाही. कायद्याची मनाई आहेच, आणि ती नसती तरी ताईंनी मला सोडलं नसतं. मुलगी चोवीस वर्षांची होती. लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. साड्या पसंत करायच्या म्हणून होणाऱ्या नवऱ्याने तिला बोलावून घेतलं आणि एका बंद घरात तिच्यावर जबरदस्ती केली. तिने फिर्याद दिली तर सारं गाव तिच्यावरच उलटलं. होणारच होता ना नवरा, मग एवढं काय, असा सूर. तिचा बापसुद्धा दोन पुढाऱ्यांना घेऊन ताईंकडे आला.

"लगन लावून टाकू बाई, मिटून जाते," पुढारी म्हणाले.

"मुलगी काय म्हणते?"

"तिले काय इचारा लागते?"

"हा गुन्हा बैठकीत मिटत नाही," ताई म्हणाल्या. "आणि मिटत असता, तरी तिला विचारल्याशिवाय मी मिटू दिला नसता." बाप खाली मान घालून गेला. मुलगी तेव्हापासून मावशीकडे राहत होती.

साक्षीच्या आदल्या दिवशी ती मावशीबरोबर आवारातल्या लिंबाखाली बसली होती. मी तिच्याजवळ गेलो आणि वकिलांच्याच हातून होते, ती चूक माझ्याकडून झाली. तिच्या जबाबात ओरडल्याचा शब्द नव्हता. मी हळूच म्हणालो, "उद्या विचारलं तर ओरडली म्हणून सांगजा. केस मजबूत होते." मला वाटलं, मी मोठं पुण्य केलं.

रिकाम्या खोलीत पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिने ताईंना विचारलं, "ताई, ओरडली असं म्हना लागते काय?"

"कोणी सांगितलं?"

ती माझ्याकडे पाहू लागली. ताई माझ्यावर ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "गजाननराव, ती उद्या 'मी ओरडले' म्हणाली की पाच मिनिटांत उलटतपासात खोटी ठरेल. खोटं तुमचं आणि भोगायचं तिने. तिची माफी मागा. आत्ता, इथे."

मी मागितली. तिने आधी ताईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे मी ओरडली नाई, त चालते? मले तं वाटे, माहीच चूक झाली."

इतके दिवस ही मुलगी ते ओझं घेऊन फिरत होती, आणि मी त्यावर आणखी एक धोंडा ठेवला होता. ताई पिंजऱ्याजवळ गेल्या. "कायद्यात लिहिलं आहे, बाळा. बाईने अंगाने झटापट केली नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं कोणाला म्हणता येत नाही. तू फक्त खरं सांग." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण कोर्टाच्या खोलीत तसलं काही त्यांना खपत नाही.

दुसऱ्या दिवशी बंद दालनात साक्ष झाली. आम्ही सगळ्यांनी जी गोष्ट झाकून ठेवली असती, ती ताईंनी आपणहून उघडी केली. "त्या वेळी तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"मले घरी जाऊ द्या, म्हटलं. त्यानं दाराले कडी लावली. मंग भेवानं आवाजच नाई फुटला. ओरडली नाई मी."

बचाव पक्षाच्या वकिलांचा चेहरा खुलला. उलटतपासाला उठून त्यांनी सुपारीचा दिवस काढला. "पाच माणसांत लग्न ठरलं, तेव्हा तुम्ही गप्प होतात ना? आपल्याकडे मुलीचं गप्प राहणं म्हणजे होकारच असतो, बरोबर?"

ताई आपल्या जागी उभ्याच होत्या, पण त्यांनी हरकत घेतली नाही. मुलीने ओढणीचं टोक सोडलं आणि न्यायाधीशांकडे पाहून म्हणाली, "सुपारीच्या दिवशी मले कोनी इचारलंच नाई, साहेब. त्या घरातबी नाई इचारलं. मी हाव कवा म्हटलं?"

माझ्या लग्नात माझ्या बायकोला कोणी विचारलं होतं का, हे मला आठवेना, आणि मी कधी विचारलं, तेही आठवेना. त्या रात्री घरी मी धड जेवलो नाही.

निकाल लागला. लग्न ठरलं म्हणून संमती धरता येत नाही आणि भीतीने गप्प राहणं ही संमती नव्हे, असं मानून न्यायाधीशांनी आरोपीला शिक्षा सुनावली. मी ताईंचं अभिनंदन करायला गेलो, तर म्हणाल्या, "मी काय केलं? बोलली ती." असल्या माणसाचा गौरव करायचा तरी कसा, हे या गौरवग्रंथाच्या संपादकांनीच आता मला सांगावं.

ताईंना उदंड, ठणठणीत आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत, आवाज असाच खणखणीत राहावा आणि आमची कानउघाडणी करायचा त्यांना कधी कंटाळा येऊ नये, एवढंच आम्हा सर्व शिष्यांचं मागणं. कारण त्यांनी काय कमावलं, ते मी निकालाच्या दिवशी व्हरांड्यात डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलीचा बाप भिंतीशी उभा होता. ती बाहेर आली, तसा तो दोन पावलं पुढे झाला, थांबला आणि बिचकत म्हणाला, "बाई, तुले कुठी जायाचं हाय? घरी येतं, का मावशीपाशी राहतं? तू सांगशीन तसं."

ती म्हणाली, "मावशीपाशी."

"बरं," बाप म्हणाला, आणि तिची पिशवी उचलून मावशीच्या गावच्या बसकडे चालू लागला.