मागच्या घरातला शिपाई

मी बी.ए. झालो तो हजिरा मोहल्ल्यातल्या सुभेदारकाकांमुळे. ते आमच्या नात्यातले नव्हते. संस्थानी फौजेत वाळूच्या पेटीवर लढाया मांडून जवानांना शिकवायचं त्यांचं काम होतं. फौज विलीन झाली, काकांना घरी बसवलं, तेव्हा ती पेटी तेवढी त्यांनी मागून घेतली. दर रविवारी दुपारी आम्ही कॉलेजातले चौघे त्यांच्याकडे खेळायला जायचो.

पेटीत ओल्या वाळूचा किल्ला, त्यावर दोऱ्याने आखलेली घरं. प्रत्येकाकडे एकच लाकडी शिपाई. त्याचं गाव, ताकद, स्वभाव आपण ठरवायचा आणि खेळभर त्याच्याच तोंडून बोलायचं. शत्रू काकांच्या हातात. त्यांच्या खेळात मारण्यापेक्षा ढकलण्याला जास्त किंमत होती. ढालीचा धक्का बसला की शिपाई सरळ मागे दोन घरं जायचा. वाटेत कडा लागला तर एकदा फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले तर कडेलाच आडवा, नाहीतर खाली दरीत, खेळातून बाद. मात्र लगतच्या मागच्या घरात आपला माणूस उभा असेल, तर धक्का तिथेच थांबायचा.

आम्ही चौघेही कचेरीतल्या शिपाई-दफ्तऱ्यांच्या घरातले. खेळात तरी मागे उभं राहायला कुणी तयार नसायचं.

"तिथे उभं राहून काय शेंगदाणे खाऊ?" मी म्हणायचो.

"खा. पण उभा राहा."

दर रविवारी आमच्यातले दोघे-तिघे दरीत जायचे आणि काका वाळू झटकत विचारायचे, "पीछे कौन था, बोलो?"

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. माझे वडील कचेरीत दफ्तरी होते, फायली बांधायचे. त्यांनाही तिकडे जायचा हुकूम आला. माझी शाळा शिवपुरीला झाली, कॉलेज इथे. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच.

"साहेब तुला तिथे चिकटवून घेतो म्हणालेत," वडील म्हणाले. "बी.ए.चं पुढे बघू. इथली खोली सुटली की तू राहणार कुठे?"

ते 'पुढे' कधी येणार नाही, हे मला कळत होतं. पण इथे आमचं दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी मी काकांकडे गेलो आणि माझा शिपाई पेटीच्या काठावर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "परीक्षा कधी?"

"मार्चात."

त्यांनी कोट घातला, टोपी घातली आणि ते माझ्याबरोबर चालत पडाव मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीवर आले. वडील वळकट्या बांधत होते.

"मुलगा परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहील. एक खाट रिकामी आहे."

"काका, तुमची पेन्शन ती केवढी."

"खाऊन खाऊन किती खाणार हा? नापास झाला तर मी स्वतः भोपाळला आणून सोडतो."

वडिलांनी हातातली दोरी दोनदा सोडली, दोनदा बांधली. मग म्हणाले, "पहाटे उठवा. झोपाळू आहे."

त्या महिन्यांत मला एकदाही हाक मारायची वेळ मी काकांवर येऊ दिली नाही. ते चूल पेटवायचे तेव्हा मी पुस्तक उघडून बसलेला असायचो. रविवारी मात्र पेटी मांडली जायची. माझा शिपाई आता न सांगता मागच्या घरात उभा राहायचा.

"काय रे, शेंगदाणे आणलेस का?" मित्र विचारायचे.

"तू पडू नकोस, मग देतो."

निकाल लागला तेव्हा मी भोपाळला होतो. त्याच दिवशी लिहिलेलं पत्र हे:

"तीर्थस्वरूप सुभेदारकाकांना शिरसाष्टांग नमस्कार.

दुसऱ्या वर्गात पास झालो. वडिलांनी कचेरीत पेढे वाटले आणि पोरगा आता आपला आपण उठतो, हे प्रत्येकाला सांगितलं. मी नोकरी धरली आहे. धाकट्या भावालाही कचेरीत चिकटवायचं चाललं होतं. मी नको म्हणालो. तो कॉलेजात जाईल, माझ्या पगारात आमचं भागेल. वडील कबूल झाले आहेत.

रविवारी माझी चाल तुम्हीच खेळा. शिपाई मागच्या घरातून हलवू नका.

आपला आज्ञाधारक."