सहलीतली संकष्टी

"पिन कुठाय? स्टोव्हची पिन कुणाकडे दिली होती मी?"

सोसायटीचे सेक्रेटरी इतक्या जोरात ओरडत होते की घोडबंदरच्या किल्ल्यातली वटवाघळं भरदिवसा उठून खाडीपलीकडे राहायला गेली असतील. पिन मीरा रोडला त्यांच्याच ओट्यावर राहिली होती. बायकोने तसं सांगितल्यावर ते स्टोव्हवर ओरडायला लागले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची बिल्डिंग एवढी नवी की जिन्यात भिंतीला टेकलं तर भिंत पाठीला लागून घरात यायची. सगळ्यांची ओळख व्हावी म्हणून थंडीतल्या एका रविवारी टेम्पो करून ही सहल काढलेली. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि आईला घेऊन जायचं काम माझं नव्हतंच, तीच मला आणि बाबांना ओढून घेऊन आली होती. बायका दुपारी सेक्रेटरीणबाईंकडे भाजी निवडायला जमत, गप्पा आमच्या खिडकीतून ऐकू येत. आईला आजवर बोलावणं आलं नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही उमगायचं नाही. मग आडून आडून विचारणा व्हायची, "तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की उभ्या?" आई म्हणायची, "आमच्याकडं न्हाईत." तेवढ्यावर गाडी थांबलेली.

स्टोव्ह मेला म्हणजे पुलाव मेला. आई उठली. तिच्या पिशवीत ज्वारीचं पीठ होतंच. ती दवाखान्यात ॲडमिट व्हायला गेली तरी पीठ घेऊन जाईल. तिने तीन दगड मांडले, मला काटक्यांना पिटाळलं. एका फुंकरीत असा जाळ केला की पलीकडच्या काठावरचे लोक बादल्या घेऊन धावले असतील. भज्यांसाठी आणलेल्या बेसनाचं पिठलं रटरटायला लागलं. निखाऱ्यात वांगी गेली. तव्यावरची भाकरी काढून ती दगडाला टेकवून उभी करायची, आणि भाकरी अशी फुगायची की वारा सुटला असता तर उडाली असती.

बायका चुलीभोवती उकिडव्या बसल्या. "ताई, काय हात आहे हो तुमचा," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. ताई. वर्षभरात पहिल्यांदा. "मला दोन हव्यात हं, आत्ताच सांगून ठेवते. आणि ताई, उद्यापासून दुपारी यायचं आमच्याकडे. घरात एकट्या काय करता?"

आईने पुढची भाकरी ताटाएवढी थापली.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून बाबांच्या ऑफिसातला एकजण सायकलवरून चालला होता. गळाला लागलेले दोन मासे हँडलला लटकलेले. त्याने बाबांना पाहिलं, हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जय भीम, साहेब!"

बाबांनी मान हलवली. नुसती मान. आईने त्यांच्याकडे पाहिलं, पिठाचा हात वर केला आणि म्हणाली, "जय भीम, भाऊ. जेवून जावा."

तो हसून निघून गेला. चुलीत काटकी तडकली.

"अगं बाई," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "आज संकष्टी ना! मी पण काय."

मग एकेकीला संकष्टी आठवत गेली. येताना नाक्यावर याच मंडळींनी वडापावची गाडी फस्त केली होती, गाडीवाल्याला पुढचे आठ दिवस दुकान बंद ठेवावं लागलं असेल. "मेरेको भी आज चलता नहीं," वरच्या मजल्यावरच्या गुजराती मावशी म्हणाल्या. तळमजल्यावरच्या ख्रिस्ती अंकलनाही संकष्टी लागली असं मी लोकांना सांगते, पण ते वाढवून सांगते. त्यांनी ॲसिडिटी सांगितली.

"तुम्ही बसून घ्या हं," सेक्रेटरीणबाई पदर सावरत म्हणाल्या. त्यात ताई नव्हतं. सगळे किल्ला बघायला वर गेले. असा काय किल्ला होता तो, दोन भिंती आणि झुडपं. पण तास दीड तास बघत होते.

आईने उरलेलं पीठ संपेपर्यंत भाकऱ्या केल्या. थांबलीच नाही. बाबा खाली मान घालून जेवले. मी रागाने चौदा भाकऱ्या खाल्ल्या; बरं, चार. भूक नव्हती, तरी खाल्ल्या. परतताना टेम्पोत भाकऱ्यांचं गाठोडं आईच्या मांडीवर होतं आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. बाकी सगळे एकमेकांच्या अंगावर बसलेले.

दुपारचं बोलावणं आलं नाही ते नाहीच.

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या वेळेला खालच्या नळावर सेक्रेटरीणबाई भेटल्या. हंडा भरेपर्यंत गप्प राहणं त्यांना जमेना. म्हणाल्या, "त्या दिवशी उपास आडवा आला बघा, नाहीतर खाल्लंच असतं. वास अजून नाकात आहे. परत कधी करणार पिठलं-भाकरी?"

आई हंडा उचलत म्हणाली, "रोज करते."