थांबायची खूण

घरी आल्या आल्या लिहिते.

मागच्या पावसाळ्यात बेला गावाजवळच्या आमच्या कपाशीत वीज पडली आन् माझी नणंद वनिता गेली. तवापासून ढग गरजले की मी पलंगाखाली जाऊन बसते. त्या भीतीवर उपचार घ्यायला आदिलाबादला एका डॉक्टर मॅडमकडे जाते. दोन वेळा नुसतं बोलणं झालं. आज मॅडम म्हणाल्या, "माझ्या हलत्या बोटांवर नजर ठेवा आणि तो दिवस आठवा. सहन झालं नाही तर हात वर करा, मी लगेच थांबेन."

बोटं इकडून तिकडे हलली आन् ज्यावर वीज पडली ते शेतातलं मोहाचं झाड दिसलं. ओल्या मातीचा वासही आला. मले थांबायचं होतं, पण हात मांडीवरून उचलेना.

त्या दिवशी झाडाखालून वनितानं असाच हात वर करून मले बोलावलं होतं, "वैनी, इकडे ये, भिजशील." मी गेली नाही.

मी रडाले लागली तवा मॅडमच थांबल्या. मग खूण बदलली. आता पाय आपटायचा.

दोन-तीन दिवस स्वप्नं पडू शकतात म्हणे. मंगळवारी पुन्हा त्याच झाडापासून सुरू करायचंय.

तुमच्यापैकी कोणी हा उपचार घेतला असेल तर खरं सांगा. डोळ्यापुढचा वनिताचा हात कधी खाली होते का?